पिवळ्या कागदावरचं बाळ

रेघमास्तरांना घाबरायला कारण लागत नसे. जिना चढताना जिना मोडेल, पाहुणे येणार म्हटलं की वाटेत त्यांना काहीतरी होईल, आणि पत्र यायला उशीर झाला तर नक्कीच कोणीतरी आजारी असणार, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणत असे. त्या म्हणायच्या, "ह्यांना काळीज मिळालं ते सशाचं, आणि हात मिळाले ते भलत्याच कुणाचे." हातांबद्दलचं वहिनींचं म्हणणं खरं होतं. भिंतीवर लावायच्या जाहिरातींची चित्रं त्यांच्यासारखी काढणारा त्या शहरात दुसरा नव्हता, आणि पुढे तर इतर शहरांतले चित्रकारही त्यांच्यासारखी काढू लागले.

गंमत म्हणजे त्यांची ती जगावेगळी पद्धत जन्मली तीसुद्धा भीतीपोटीच.

त्या काळी छापखान्यात चित्र दगडावर काढत. गुळगुळीत घासलेला जाडजूड दगड असे, त्यावर मेणचट काळ्या खडूने चित्र काढायचं. मग दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या दगडाला शाई धरत नसे, खडूच्या रेषेला तेवढी धरत असे. त्यावर कागद दाबला की झालं चित्र. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आणि दगडावर सगळं उलटं काढायचं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं उमटणार. मास्तर नवीन असताना त्यांनी केसांच्या तेलाची एक जाहिरात काढली. त्यात अक्षरांच्या सात ओळी, पदकांची माळ, कारखान्याचं चित्र आणि कडेने फुलांची वेल होती. एवढ्या गर्दीत एक अक्षर त्यांच्या हातून दगडावर सुलटं पडलं. कागदावर ते उलटं छापून आलं, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत निम्म्या शहराच्या भिंतींवर चिकटवूनही झालं. मालकांनी त्यांना कामावरून काढलं नाही, पण त्या दिवसापासून दगडावर अक्षर लिहायचं म्हटलं की मास्तर खडू तीनतीनदा खाली ठेवायचे.

मग त्यांनी सरळ अक्षरं कमी करायला सुरुवात केली. सातच्या तीन ओळी झाल्या, तीनची एक झाली, आणि शेवटी एक शब्द उरला. अक्षरं गेली तशी पदकं गेली, वेली गेल्या, कारखाना गेला. उरली ती एकच वस्तू, तिच्याभोवती एकच जाड काळी रेघ, आणि मागे एकाच रंगाचा मोकळा कागद.

छापखान्यातले जुने चित्रकार होते, त्यांना सगळे वेलबुट्टीकाका म्हणत. त्यांनीच मास्तरांना दगडावर काढायला शिकवलं होतं. ते पहिलं असलं चित्र बघून म्हणाले, "बाकीचं कधी काढणार?"

"झालं एवढंच," मास्तर म्हणाले.

"मालक कागदाचे पैसे मागतील तुझ्याकडे. अर्धा कोराच ठेवलायस."

पण तो अर्धा कोरा कागद भिंतीवर चढला आणि रस्त्यावरची माणसं थबकली. आजूबाजूच्या गिचमिडीत ती मोकळी जागा लांबूनच डोळ्यांत भरत होती. धावत्या घोडागाडीतूनसुद्धा काय विकायला आहे ते कळायचं. दुकानदार छापखान्यात येऊन सांगू लागले, "त्या रेघवाल्याकडूनच काढून हवंय." तेव्हापासून ते रेघमास्तर.

वहिनींना लिहायला वाचायला येत नव्हतं, आणि मास्तरांच्या खऱ्या परीक्षक त्याच होत्या. पहिला छाप आला की ते तो घरी आणायचे, खोलीच्या टोकाला भिंतीवर टाचायचे आणि त्यांना दारातून बघायला लावायचे. एकदा छत्रीची जाहिरात होती. वरून दिसणारी मोठी काळी छत्री आणि तिच्याखाली चार पावलं, बस्स.

"काय विकतायत?" मास्तरांनी विचारलं.

"छत्री," वहिनी म्हणाल्या. "पण खाली नवराबायको भांडलेत वाटतं. पाय किती लांब लांब आहेत."

मास्तर तसेच छापखान्यात परत गेले आणि पावलं जवळ आणली. त्या हंगामात म्हणे छत्र्या पुरल्या नाहीत.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली. गोल, गुबगुबीत, बाहुलीसारखी, म्हणून तिला ठकी म्हणायला लागले. मास्तरांच्या काळज्यांना आता एक कायमचं घर मिळालं. ठकी रडली की काळजी, आणि रडली नाही की दुप्पट. ती झोपली की ते तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचे, आणि वहिनी त्यांचा हात बाजूला सारायच्या. "झोपू द्या की तिला. तुम्हीच उठवाल."

ठकी बसायला लागली होती त्या सुमारास औषधाच्या कंपनीचा माणूस छापखान्यात आला. टापटीप कपडे, मऊ बोलणं. लहान मुलांना शांत झोप लागावी म्हणून त्यांनी एक गोड सिरप काढलं होतं. त्याची जाहिरात रेघमास्तरांनीच करावी असा त्याचा हट्ट होता.

"आत काय असतं?" मास्तरांनी सहज विचारलं. बाटली हातात घेऊन रंग बघताना विचारलं, एवढंच.

"फुलांचा अर्क आणि साखर," तो म्हणाला. मास्तरांनी मान डोलावली. बाटलीचा तपकिरी रंग पिवळ्यावर उठून दिसेल की नाही, ह्यातच त्यांचं मन होतं.

त्यांनी झोपलेल्या ठकीसमोर बसून कच्ची चित्रं काढली. मग दगडावर तिचं तोंड एकाच रेघेत उतरवलं. कपाळावरून निघालेली रेघ गालावरून वळून हनुवटीखाली थांबते, मिटलेल्या डोळ्याची एक कमान, गालाशी टेकलेली इवलीशी मूठ. पांढरी उशी. मागे हळदीसारखा पिवळा रंग, कडेपर्यंत मोकळा. खाली कोपऱ्यात बाटली, आणि एकच शब्द: निजलं.

वहिनींनी तो छाप दारातून पाहिला. मास्तरांनी नेहमीचाच प्रश्न विचारला.

"काय विकतायत?"

"झोप," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "आपल्या ठकीला नका हो असं भिंतीभिंतीवर चिकटवू."

"नुसती रेघ आहे ती. कुणाला कळणार आहे?"

पण कळलं. ते बाळ शहरभर झालं. बाजारात, पुलाच्या कठड्यावर, दवाखान्यासमोर, शाळेच्या भिंतीवर, जिकडे बघावं तिकडे पिवळ्या कागदावर ठकी निजलेली. बायका थांबून बघायच्या आणि त्यांचा चेहरा मऊ व्हायचा. बाटल्या दुकानात ठरेनात. कंपनीने दुसऱ्या खेपेची मागणी दिली, पहिल्याहून मोठी. मालकांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. मास्तरांना त्या दिवसांत पहिल्यांदाच वाटलं, की आपण उगीच घाबरतो, सगळं चांगलंच चाललंय.

इमारतीच्या खालच्या मजल्यावर शिंप्याचं दुकान होतं आणि मागे त्याचं घर. दिवसभर त्याच्या मशीनची खडखड वर ऐकू यायची. त्यालाही ठकीहून थोडं लहान असं बाळ होतं. त्याला दात येत होते, त्यामुळे घरात कुणालाच झोप नव्हती.

एका दुपारी मास्तर घरी जेवत होते. मशीन बंद होती. ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते घास तसाच हातात धरून ऐकत राहिले. तेवढ्यात जिन्यावर धावती पावलं वाजली आणि शिंप्याची बायको दारात आली.

"वहिनी, बाळ उठत नाहीये," ती म्हणाली. "सकाळपासून झोपलंय. हलवलं, गार पाणी लावलं. उठतच नाहीये."

सगळे खाली धावले. बाळ अंथरुणावर पडलं होतं, मूठ गालाशी टेकवून. चेहरा शांत होता, नको इतका शांत. ओठांचा रंग मास्तरांना बरोबर दिसला नाही. रंगांच्या बाबतीत त्यांचा डोळा चुकत नसे. उशाशी तपकिरी बाटली होती, अर्ध्याहून रिकामी.

"किती दिलंत?" वहिनींनी विचारलं.

"एक चमचा दिला तर अर्धवट झोपला. मग अजून एक दिला. मग पहाटे अजून." ती आता रडायला लागली होती. "तुमच्या ठकीचं चित्र आहे ना जाहिरातीवर, म्हणून तर घेतलं. म्हटलं, भाऊजी आपल्याच पोरीला देत असतील तर चांगलंच असणार."

 मास्तरांनी ठकीला ते कधी दिलंच नव्हतं. गरजच पडली नव्हती.

शिंपी डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. जवळच्या सरकारी दवाखान्यात त्या एकट्याच असायच्या, कायम दमलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बाळाच्या पापण्या उघडून पाहिल्या, मग बाटली नाकाशी नेली.

"अफू," त्या म्हणाल्या. "ह्याला झोपू द्यायचं नाही. तळवे चोळा, चिमटे काढा, उचलून फिरवा. श्वास थांबतोय असं वाटलं की मला सांगा."

मग ती संध्याकाळ सुरू झाली. शिंपी बाळाला खांद्यावर घेऊन दुकानात येरझारा घालत होता. वहिनी त्याचे तळवे खसाखसा चोळत त्याच्या मागे मागे. डॉक्टरीणबाई दर थोड्या वेळाने बाळाच्या पाठीला कान लावत. मास्तरांना कुणी काही काम सांगितलं नाही. ते कापडाच्या गठ्ठ्याला टेकून उभे होते आणि बाळाची पाठ हलते का ते बघत होते. हलायची, मग बराच वेळ हलायची नाही, मग पुन्हा एकदा हलायची. दुकानाच्या उघड्या दारातून समोरची भिंत दिसत होती. तिच्यावर पिवळा कागद होता. त्यांनी तिकडे पाठ फिरवली.

दिवे लागायच्या सुमारास बाळाने तोंड वाकडं केलं. मग एक बारीक, चिरका आवाज काढला. मग रडायला लागलं. शिंपीण मटकन खाली बसली. कुणीही त्याला गप्प केलं नाही.

निघताना डॉक्टरीणबाई हात धुता धुता मास्तरांना म्हणाल्या, "हे चित्र तुम्ही काढलंय, असं हे शिंपी म्हणत होते."

"हो."

"ह्या महिन्यात मी अशा तीन घरांत गेले. दोन घरांत मला उशीर झाला होता."

एवढंच बोलून त्या गेल्या. मास्तर वर आले तेव्हा ठकी झोपली होती. त्यांनी तिच्या नाकाशी बोट धरलं. वहिनींनी ह्या वेळी त्यांचा हात बाजूला केला नाही.

सकाळी छापखान्यात गेले तर दुसऱ्या खेपेची तयारी झालेली. पिवळ्याचा दगड बाजूला होता, काळ्या रेघेचा दगड मशीनजवळच्या फळीवर, आणि मशीन चालवणारे तात्या त्याच्यावर ओलं फडकं फिरवत होते. मास्तर मालकांच्या खोलीत गेले. काय काय बोलायचं ते वाटभर घोकलं होतं, पण तोंडातून सगळं अर्धवटच निघालं. मालकांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण मास्तर, आपण छापतो. आपण कुणाला पाजत नाही."

"मी पाजलंय," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये. घरी जा. उद्या बोलू." आणि ते नेहमीप्रमाणे बँकेत निघून गेले.

दगड जुना झाला की त्यावरचं चित्र घासून काढतात, म्हणजे नवं काढता येतं. वाळू आणि पाणी टाकायचं, वर दुसरा दगड ठेवायचा आणि गोल गोल फिरवायचा. रोजचंच काम होतं ते. मास्तरांनी बाह्या वर केल्या आणि ठकीच्या चेहऱ्यावर वाळू टाकली.  तात्यांनी बघितलं. काय चाललंय ते त्यांना नक्की कळलं होतं. ते उठले, पाण्याचा डबा आणला आणि दगडावर हळूहळू पाणी ओतत राहिले. आधी मूठ गेली, मग गाल गेला, शेवटी पापणीची कमान. करडं पाणी जमिनीवरून मोरीकडे वाहत गेलं.

मालक परत आले आणि छापखान्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. दुपारच्या आत मास्तर आपले खडू आणि ब्रश पिशवीत घालून रस्त्यावर होते.

त्यांना वाटलं होतं, चित्रच गेलं म्हणजे संपलं. पण आठवड्याच्या आत नवे पिवळे कागद भिंतींवर चढले. वेलबुट्टीकाकांनी छापील कागद समोर ठेवून तेच बाळ पुन्हा दगडावर काढलं होतं. रेघ जरा अडखळत होती आणि उशीच्या कोपऱ्यात त्यांना न राहवून एक फूल काढलं होतं, पण लांबून काही फरक दिसत नव्हता. एक वस्तू, एक रेघ, एक रंग. ते सोपं होतं आणि लांबून ओळखू यायचं, म्हणूनच ते कुणालाही चोरता येत होतं. पहिल्यांदाच मास्तरांना आपल्या पद्धतीची भीती वाटली.

ते दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आरोग्य खात्याची सूचना दाखवली. बारीक अक्षरांनी खचाखच भरलेला कागद होता, अगदी तळाशी मुलांच्या औषधांबद्दल दोन ओळी होत्या.

"हे आम्ही दर वर्षी लावतो," त्या म्हणाल्या. "कुणी वाचत नाही. वाचता तरी कितीजणांना येतं?"

"माझ्या बायकोला नाही येत," मास्तर म्हणाले. "मी काढून देऊ का?"

खात्याच्या सूचना एका लहानशा छापखान्यात छापल्या जायच्या, तिकिटं आणि लेबलं छापणाऱ्या. तिथे हाताने चालवायचं एक यंत्र होतं आणि मोजके दगड. मालक भला होता, म्हणाला, बसा. पण काढायचं काय? मास्तरांच्या मनात होतं की तेच बाळ काढावं, फक्त ओठांचा रंग त्या दुपारचा. त्यासाठी ठकीला पुन्हा समोर निजवायला हवं होतं. त्यांनी घरी विषय काढला.

वहिनींनी ठकीला उचलून छातीशी धरलं. "नाही," त्या म्हणाल्या. "एकदा निजवलंत तेवढं पुरे. मेलेलं म्हणून माझ्या पोरीला काढणार तुम्ही?"

"अगं, नुसती रेघ..."

"तेव्हाही नुसती रेघच होती."

 मास्तर कित्येक दिवस कोऱ्या दगडासमोर बसून राहिले. आठवणीतून दुसरं बाळ काढून पाहिलं, शिंप्याच्या बाळाचा चेहरा आपोआप येऊ लागला आणि त्यांनी खडू खाली ठेवला. कुणाचंच बाळ त्यांना काढवेना. आणि तसं बसल्या बसल्या एकदा त्यांच्या ध्यानात आलं, की नकोच ना बाळ. सगळ्या शहराला ते तोंडपाठ आहे. त्याची जागा तेवढी काढायची.

तोच पिवळा, कडेपर्यंत मोकळा. तीच पांढरी उशी, तिच्या मधोमध डोक्याएवढा खोलगट ठसा. कोपऱ्यात तीच बाटली, आडवी पडलेली. आणि शब्द: उठलंच नाही. खाली दवाखान्याची बारीक ओळ, ह्या औषधात अफू असते, मुलांना देऊ नका.

पहिला छाप घरी आणून त्यांनी भिंतीवर टाचला. विचारायचा धीर होईना. वहिनी दारात आल्या, बघितलं आणि उंबऱ्यावरच बसल्या. 

"ठकी कुठाय?" त्यांनी एकदम विचारलं.

"आत आहे. खेळतेय."

त्या उठून आत जाऊन बघून आल्या. मग म्हणाल्या, "लावा."

ते कागद जुन्या कागदांच्या शेजारीच चिकटवले गेले. एका कागदावर बाळ, दुसऱ्यावर नुसती उशी. बायका आता तिथे थांबायच्या तेव्हा कुणाचा चेहरा मऊ होत नव्हता. मास्तरांच्या जिवाला मात्र कुठे थारा नव्हता. लोकांना कळेल की नाही, ही काळजी होती. आणि कळतंय असं दिसल्यावर दुसरी, की आता पुढे काय होणार.

एकदा बाजारातल्या भिंतीपाशी ते उभे असताना एक बाई त्यांच्याजवळ आली. कडेवर मूल होतं.

"हे दोन्ही तुम्हीच काढलेत म्हणे."

"पहिलं मी काढलं होतं. आता आहे ते दुसऱ्याने. पण माझंच ते."

"पहिल्यावर मी विश्वास ठेवला," ती म्हणाली. "आता दुसऱ्यावर ठेवू म्हणताय."

तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मी रोज देत होते ह्याला. तो हसतो, खेळतो. पण रोज देत होते मी." तिचा आवाज खाली आला. "आता ह्याला काय होईल?"

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. ते तिला घेऊन दवाखान्यात गेले आणि ती बाहेर येईपर्यंत बाकावर बसून राहिले. मूल ठीक आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फक्त आता ते काही दिवस फार रडेल, रडू द्या. त्यानंतर अशा बऱ्याच बाया आल्या, आणि सगळ्यांच्याच बाबतीत त्या ठीक आहे असं म्हणाल्या नाहीत.

मग कंपनीचा तो माणूस घरी आला. तसाच टापटीप, तसाच मऊ. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला की कंपनी कोर्टात जाणार आहे. चित्राचे हक्क कंपनीने घेतले होते. हा पिवळा रंग कंपनीचा, उशी कंपनीची, बाटली तर कंपनीचीच. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मांडीवरचे हात गुडघ्यांखाली दाबले.

वहिनी दाराशी उभ्या होत्या. "आणि बाळ?" त्यांनी विचारलं. "चित्रातलं बाळ कुणाचं?"

"तेही कंपनीचंच, बाई."

"मग ते आम्ही काढून टाकलंय की. तुमचं तुम्हाला परत मिळालं."

 तो माणूस टोपी घेऊन उठला. कोर्टाचा कागद काही आला नाही, पण जिन्यावर अनोळखी पावलं वाजली की मास्तर जागच्या जागी गोठायचे. तो कागद आला नाही ह्याचा आनंद करावा, एवढा निवांतपणा त्यांना कधी लाभलाच नाही.

त्या शहरात बाटल्या दुकानांत पडून राहिल्या आणि नंतर दिसेनाशा झाल्या. कंपनीने सिरपचं नाव बदललं आणि लांबच्या गावांत विकायला सुरुवात केली. वेलबुट्टीकाकांचं बाळही तिकडे गेलं. त्याच्या मागोमाग डॉक्टरीणबाईंनी रिकाम्या उशीचे कागद पाठवले, काही ठिकाणी लागले, काही ठिकाणी लागायच्या आधीच फाटले. औषधात काय आहे ते बाटलीवर लिहिण्याचा कायदा व्हायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

मास्तर त्या लहान छापखान्यातच राहिले. पूर्वीइतकं काम मिळेना, कारण जाहिरात काढून घ्यायला कुणी आलं की पहिला प्रश्न एकच असायचा, आत काय आहे? साबणवाल्याला, रंगवाल्याला, बिस्किटवाल्याला, एवढंच काय, बूट विकणाऱ्यालासुद्धा. बूटवाला म्हणाला, "मास्तर, आत पाय असतो." हा किस्सा छापखान्यात पुष्कळ दिवस चालला. मास्तरही त्यावर हसायचे, पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. उत्तर पटलं नाही तर खडू उचलायचे नाहीत. काही जण चिडून गेले. काही जण मात्र त्याच गोष्टीसाठी लांबून यायला लागले.

वेलबुट्टीकाका एकदा वाटेत भेटले होते. दोघं थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभे राहिले. "मला कामाकडे कामापुरतंच बघायची सवय," काका म्हणाले. "तुझ्या रेघेत मात्र काहीतरी आहे रे. मला ती जमली नाही." मास्तरांनी त्यांना बाटलीच्या आत काय होतं ते सांगितलं. काकांना ते आधीच ठाऊक होतं. त्यांनी खाली बघितलं आणि निघून गेले, त्यानंतर त्यांनी बाळाचं चित्र पुन्हा काढलं नाही असं तात्या सांगायचे.

शिंप्याचं बाळ वाढलं. चालायला जरा उशिरा लागलं. बोलायला तर फारच उशिरा. तो त्या बाटलीचा परिणाम की त्याची तब्येतच तशी, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. शिंप्याने किंवा त्याच्या बायकोने मास्तरांना कधी बोल लावला नाही. चार खडे बोल सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटायचं. ते येता जाता दुकानात डोकावत, पोराला हाक मारत, आणि ते नुसतं बघून हसायचं. वहिनींना ते रोज विचारायचे, "आज काही बोलला का?"

ठकी मात्र अखंड बडबडायची. ती त्याला जिन्याच्या पायरीवर बसवून वस्तूंची नावं शिकवायची, आणि चुकला की मोठ्या माणसासारखी कपाळाला हात लावायची. त्या दोघांचं काय काय चालायचं कोण जाणे, पण एके दिवशी शिंपीण कात्री तशीच हातात घेऊन वर आली आणि म्हणाली, "भाऊजी, खाली या जरा. तो काहीतरी म्हणतोय."

मास्तर आणि वहिनी जिना उतरून गेले. पोरगा मशीनजवळ बसला होता. त्याने कापडाचा एक तुकडा वर धरला आणि अडखळत, मध्येच थांबत म्हणाला, "लाल."

कापड निळं होतं.

शिंपी हसला, वहिनी हसल्या. मास्तर त्याच्यासमोर जमिनीवर बसले. गठ्ठ्यातून एक खराखुरा लाल तुकडा शोधून काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा लाल. आता हा दुसरा कुठला, सांग बघू."